सुख सरते, ओढ उरते

२००५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अकरा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. अकराही जण पार्किन्सन्सचे रुग्ण. हाताची थरथर, ताठरलेले अंग, उचलता न येणारे पाऊल यांवर त्यांचे उपचार चालू होते, आणि त्याच काळात त्यांना जुगाराने झपाटले. डॉक्टरांनी औषधांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी निघाली. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची नक्कल करणाऱ्या गोळ्या त्या सगळ्यांना चालू होत्या. ज्यांचा पुढे पाठपुरावा करता आला, त्यांच्या या गोळ्या कमी किंवा बंद केल्यावर जुगाराचा नादही ओसरला.

हा अकरा जणांचा योगायोग नव्हता. २०१० साली अमेरिका आणि कॅनडातल्या तीन हजारांहून अधिक पार्किन्सन्स रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. डोपामिनची नक्कल करणारी औषधे घेणाऱ्या सुमारे १७ टक्के रुग्णांमध्ये जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणे किंवा अनावर कामेच्छा यांपैकी काहीतरी आढळले. पार्किन्सन्समध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हालचाल सुधारावी म्हणून त्याची भरपाई केली, तर ते औषध हालचालीच्या केंद्रापाशी थांबत नाही. हवेहवेसे वाटण्याची यंत्रणाही ढवळून काढते.

घरातले कुणी दारू सोडत नसेल, रात्रभर फोनवर पत्ते खेळत असेल, तर ‘मनावर घेतलं तर काय अशक्य आहे’ हे वाक्य आपल्याकडे फार लवकर उच्चारले जाते. त्या अकरा जणांचे संस्कार, स्वभाव, आयुष्यभराचा विवेक यांपैकी काहीच बदलले नव्हते. बदलली होती ती गोळी. व्यसनी माणसावर कुठलीच जबाबदारी नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण निश्चय ज्या मेंदूत करायचा, त्याच मेंदूत ओढही तयार होते, आणि ती कशी तयार होते हे समजून न घेता दिलेला उपदेश वाया जातो.

ही समज सुरू झाली ती एका चुकलेल्या नेमातून. १९५३ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक विद्युततारा बसवत होते. एका उंदराची तार ठरल्या जागी न बसता भलतीकडे गेली. टेबलाच्या ज्या कोपऱ्यात त्या उंदराला विजेचा हलका स्पर्श मिळाला, त्याच कोपऱ्यात तो पुन्हा पुन्हा येऊ लागला. मग त्यांनी उंदरांच्या हाती कळच दिली. दाबली की मेंदूत विद्युतस्पर्श. उंदीर तासाला शेकडो वेळा ती कळ दाबत राहिले. १९५४ साली हा शोधनिबंध आला आणि ‘मेंदूतले सुखाचे केंद्र’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचला. पुढे त्या भागांत डोपामिनचा मोठा वाटा असल्याचे कळले आणि डोपामिन म्हणजे सुखाचे रसायन, असे समीकरण रूढ झाले. मोबाइलवरच्या आरोग्यविषयक चित्रफितींत ते आजही ठोकून सांगितले जाते.

ते समीकरण चुकीचे आहे, आणि व्यसन समजून घेताना नेमकी तीच चूक महागात पडते.

स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशींची एकेक नोंद घेतली. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात चेतत. मग रस देण्याआधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकड ते शिकले आणि पेशींचे वागणे बदलले. आता त्या खूण दिसताच चेतत. प्रत्यक्ष रस आला तेव्हा ढिम्म. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणी त्यांची नेहमीची हालचालही मंदावे. म्हणजे या पेशी सुख मोजत नव्हत्या. अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा किती कमी मिळाले, हा फरक त्या मोजत होत्या, आणि पुढच्या वेळी कशाकडे धाव घ्यायची ते शिकवत होत्या. १९९७ साली शुल्त्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांनी ही मांडणी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली.

दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता, जुन्या रस्त्याने जाताना, ओळखीच्या बारची पाटी दिसताच तोंडाला पाणी का सुटते, याचे उत्तर इथे आहे. एक थेंबही पोटात गेलेला नसतो. खूणच पुरेशी असते. ग्लासचा आवाज, पगाराचा दिवस, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुडीची चुरचुर, ठरावीक मित्राचा फोन, प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या.

मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. गोड चव आवडली की उंदीर ओठ चाटतात, अगदी तान्ह्या बाळासारखे. बेरिज यांनी ज्या उंदरांच्या मेंदूतले जवळजवळ सगळे डोपामिन नष्ट झालेले होते, त्यांच्या तोंडात साखरेचे पाणी सोडले. त्यांनी पूर्वीसारखेच ओठ चाटले. आवड शाबूत होती. पण समोर अन्न असूनही ते उठून खायला जात नव्हते. भरवले नसते तर उपाशी मेले असते. आवडणे आणि हवे असणे या मेंदूत दोन निराळ्या गोष्टी आहेत, असा याचा अर्थ. सहकारी टेरी रॉबिन्सन यांच्याबरोबर १९९३ साली त्यांनी मांडले की, वारंवार घेतलेल्या नशेने ‘हवे’ची यंत्रणा अतिसंवेदनशील होते, ‘आवडते’ची मात्र होत नाही. दोघींमधले अंतर वाढत जाते.

व्यसनमुक्ती केंद्रांत घरची माणसे एक प्रश्न हमखास विचारतात: आता तर त्याला पिऊन मजाही येत नाही, उलट्या होतात, रडतो, तरी पितोच कसा? मजा कधीचीच संपलेली असते. ओढ तेवढी उरलेली असते, आणि ती दरवर्षी बळावते.

जुगारात हे फार उघडपणे दिसते, कारण तिथे शरीरात बाहेरून कुठलेच रसायन जात नाही. बक्षीस नेमके कधी मिळेल हे ठाऊक नसले की प्राणी सर्वांत चिकाटीने कळ दाबत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले होते. मुंबईच्या गिरणगावात हे प्रयोगशाळेशिवाय घडले. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांवर सट्टा लावण्यापासून सुरू झालेला मटका साठच्या दशकात चाळीचाळींत शिरला. ओपन म्हणजे पहिला आकडा लागला की क्लोजची, म्हणजे शेवटच्या आकड्याची वाट, क्लोज हुकला की उद्याचा ओपन. आज तोच अनिश्चित बक्षिसाचा हिशेब खिशातल्या फोनमध्ये बसला आहे, आणि त्याला ना गल्ली लागते ना बुकी. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्र सरकारने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो या खेळांपायी उद्ध्वस्त झालेल्या घरांचा हवाला देऊन.

पण सगळे बक्षिसाच्या हावेने घडते, असे मानले तर अर्धेच चित्र हाती लागते. मानववंशशास्त्रज्ञ नताशा शूल यांनी लास व्हेगासमधल्या यंत्रांवर जुगार खेळणाऱ्या माणसांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि २०१२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना भेटलेल्या कित्येक जणांनी सांगितले की, आपण जिंकण्यासाठी खेळतच नाही. खेळत राहता यावे म्हणून खेळतो. यंत्रासमोर बसले की वेळ, पैसा, नाती, स्वतःचे शरीर, सगळे विरघळते. काहींना तर मोठे बक्षीस लागले तरी त्याचा अडथळा वाटे, कारण त्याने तंद्री मोडते. ही माणसे काही मिळवायला तिथे जात नव्हती. कशापासून तरी सुटायला जात होती.

इथे गोष्ट बक्षिसाकडून दुःखाकडे वळते. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर, जो १९१९ साली रंगभूमीवर आला, पहिला प्याला चैन म्हणून घेत नाही. तो हुशार वकील आहे, मानी आहे. कोर्टात अपमान होतो, सनदेवर गदा येते, आणि ती जळजळ विसरण्यासाठी त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. औषध म्हणून. प्याल्याचे परिणाम मराठी माणसाने शंभर वर्षे मन लावून पाहिले. तो प्याला सुधाकराच्या हातात कशावर उतारा म्हणून आला, इकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.

बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधले मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खान्त्झियन यांनी नेमके तेच पाहिले. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या रुग्णांचे वर्षानुवर्षे ऐकून घेताना त्यांना जाणवले की, ही माणसे वाटेल ती नशा करत नाहीत. जी आपल्या विशिष्ट वेदनेवर लागू पडते तिच्याकडे वळतात. कुणाच्या आत धुमसणारा संताप अफूवर्गीय द्रव्याने शांत होतो, तर कुणाची मरगळ कोकेनने हटते. १९८५ साली त्यांनी ‘स्वतःच स्वतःचे औषधपाणी’ अशा अर्थाची ही मांडणी केली. पुढे १९९८ साली सॅन दिएगोमधल्या हजारो प्रौढांच्या अभ्यासात व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांना आढळले की, ज्यांच्या बालपणात मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली दारू, आईवरचा अत्याचार अशा चार किंवा अधिक प्रकारच्या आघातांची नोंद होती, त्यांच्यात दारूचे व्यसन, अमली पदार्थांचा वापर, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे आघात न झालेल्यांच्या चौपट ते बारापट होता.

ताणाला तोंड कसे दिले जाते, याचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली दोन मोठे प्रकार सांगितले. एक, अडचणीलाच हात घालणे: कर्जाचे हप्ते पुन्हा बांधून घेणे, साहेबाशी बोलणे, दुखणे डॉक्टरला दाखवणे. दुसरा, अडचणीमुळे मनात उठणारी कालवाकालव सांभाळणे: कुणाशी बोलणे, रडणे, चालायला जाणे, भजनाला बसणे. दोन्ही लागतात. जवळचे माणूस दगावल्याच्या दुःखावर कुठलाही तोडगा नसतो, तिथे दुसराच प्रकार कामी येतो. दारू, तंबाखू, जुगार हेही दुसऱ्या प्रकारातच बसतात, आणि त्यांचा एक गुण इतरांजवळ नाही: ते मिनिटांत काम करतात. मैत्रिणीशी बोलून मन हलके व्हायला तास लागतो, आणि मैत्रीण मोकळी असावी लागते. क्वार्टर नेहमीच मोकळी असते.

म्हणूनच ‘वाईट संगतीने बिघडला’ एवढ्यावर भागवणे अपुरे आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत कित्येक बायका मिश्री लावतात. तंबाखू भाजून काळी करायची, पूड करायची आणि दातांना, हिरड्यांना घासायची. सुरुवात दात स्वच्छ होतात म्हणून, दाढदुखीवर म्हणून, सकाळी पोट साफ व्हावे म्हणून. मग दुपारी शेतातून आल्यावर, मग रात्री भांडी घासून झाल्यावर. दिवसभरात स्वतःसाठी बसण्याचे जे काही क्षण असतात, ते मिश्रीचेच असतात. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक धूर न काढता खाणारे किंवा लावणारे. विदर्भातला खर्रा घोटून होईपर्यंत चार माणसे टपरीवर भेटतात, बोलतात. त्या बाईला किंवा त्या टपरीवरच्या पोराला ‘सोड’ म्हणताना, त्या चार मिनिटांच्या जागी दुसरे काय असणार आहे, हा प्रश्न सांगणाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे.

आता यातली सर्वांत क्रूर गोष्ट. हा उतारा काही काळाने स्वतःच दुखणे तयार करू लागतो. मेंदूसंशोधक जॉर्ज कूब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे की, नशा वारंवार मिळत राहिली की मेंदू तोल राखण्यासाठी उलट्या दिशेने जोर लावतो. बक्षिसाची यंत्रणा मंदावते आणि ताणाची यंत्रणा चढी राहते. नशा उतरली की माणूस मूळच्या पातळीवर येत नाही, तिच्याखाली जातो. अस्वस्थता, चिडचिड, झोप उडणे, काहीच गोड न लागणे. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, घेणाऱ्यांच्या भाषेत टर्की म्हणतात ती याची सर्वांत भीषण अवस्था. या टप्प्यावर माणूस वर जाण्यासाठी घेत नाही, जमिनीवर येण्यापुरते घेतो.

सिगारेटचे उदाहरण तर रोजचे. ओढणारा सांगतो, टेन्शन आले की एक झुरका मारला की बरे वाटते. खरेच वाटते. पण त्या टेन्शनमधला मोठा वाटा आधीच्या सिगारेटमधले निकोटिन उतरल्याचा असतो. २०१४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी २६ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडलेल्यांच्या तुलनेत घटल्याचे दिसले. ज्याला आधार समजले होते, तोच भार निघाला.

तरीही दुःख असले की व्यसन लागतेच, असे मुळीच नाही. आघात सोसलेली असंख्य माणसे कशाच्याही आहारी जात नाहीत. दारूच्या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरला जातो. वय महत्त्वाचे, कारण पौगंडावस्थेत ओढीची यंत्रणा जोरात असते आणि लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. वस्तू किती सहज मिळते हे महत्त्वाचे. आणि भोवतालचे आयुष्य कसे आहे, हेही फार महत्त्वाचे.

या शेवटच्या मुद्द्याचा सर्वांत मोठा पुरावा युद्धातून आला. १९७१ साली व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइन पसरल्याचे कळल्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सरकार हादरले. परतणाऱ्या सैनिकांची लघवीची तपासणी सुरू झाली आणि पुढे त्यांचे काय होते हे शोधण्याचे काम सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ली रॉबिन्स यांच्याकडे आले. त्यांच्या अभ्यासानुसार तिथल्या दर पाच सैनिकांतला एक जण अफूवर्गीय द्रव्यांच्या आहारी गेला होता. हे व्यसनी सैनिक मायदेशी येऊन शहरे भरून टाकतील, अशी भीती होती. घडले वेगळेच. तिकडे व्यसनी असलेल्यांपैकी पहिल्या वर्षात जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनाच्या विळख्यात सापडले. तीन वर्षांचा हिशेब केला तरी साधारण १२ टक्के. बहुतेकांनी कुठलेही उपचार घेतले नव्हते. आकडे इतके अनपेक्षित होते की रॉबिन्स यांना त्यांच्या बचावासाठी बरीच वर्षे खर्च करावी लागली. भीती, कंटाळा आणि स्वस्त, शुद्ध हेरॉइन हे सगळे एकदम मागे पडले होते. पुढे घर होते, नोकरी होती, लग्न होते, आणि जुन्या खुणांपैकी एकही नव्हती.

उंदरांनीही असेच काही सांगितले आहे. कॅनडातले ब्रूस अलेक्झांडर यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उंदरांसाठी सोबती, खेळणी आणि प्रशस्त जागा असलेले घर बांधले; एकेकट्या पिंजऱ्यातले उंदीर मॉर्फिन घातलेले पाणी त्यांच्यापेक्षा बरेच जास्त पीत. हा प्रयोग नंतर इतरांना दरवेळी तसाच जमला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. मात्र २०१८ साली मार्को वेनिरो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अधिक काटेकोर प्रयोग केला. नशेची सवय लागलेल्या उंदरांपुढे दोन कळी ठेवल्या, एकीने नशा मिळे आणि दुसरीने सोबत्याच्या भेटीचे दार उघडे. उंदीर जवळजवळ दरवेळी सोबती निवडत. पण सोबत्याचे दार उघडायला मुद्दाम उशीर लावला, किंवा सोबत्याबरोबर त्रासही जोडला, की ते नशेकडे परत वळत. सोबत असून भागत नाही. ती वेळेवर मिळावी लागते आणि तिच्याबरोबर मार मिळता कामा नये. दारू सोडून घरी आलेल्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी जुन्या पापांचा पाढा ऐकवणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

उपचारांत या समजुतीचा उपयोग होतो. १९९०च्या सुमारास व्हर्मोंट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांना एक सरळ देवाणघेवाण देऊ केली: लघवीच्या चाचणीत कोकेन सापडले नाही की लगेच व्हाउचर, सलग स्वच्छ चाचण्यांना वाढती किंमत. ‘व्यसनी माणसाला लाच कशाला’ असा आक्षेप तेव्हाही होता, आजही असतो. पण कोकेन आणि मेथसारख्या उत्तेजकांसाठी, जिथे उपयोगी पडणारे औषध अजून नाही, ही पद्धत सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक ठरली. मेंदूला लवकरचे बक्षीस कळते. पाच वर्षांनी यकृत चांगले राहील, हे त्याला सहसा कळत नाही.

पुण्यात व्यसनाशी झुंजण्याची वेगळी वाट अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी घडवली. गर्दवरचे अनिल अवचटांचे लेख वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. शरीरातली नशा उतरवणे हा तिथे उपचाराचा लहानसा भाग. बाकीचे दिवस योग, गाणी, कामे, गटात बसून मोकळेपणाने बोलणे, आणि राग आला, एकटे वाटले, उपास घडला, थकवा आला की काय करायचे याची तयारी. पूर्वी स्वतः व्यसनी असलेली माणसे तिथे समुपदेशक झाली. पत्नीशी, आईवडिलांशी बोलणे उपचाराचाच भाग धरले गेले. बाहेर पडल्यावर फॉलोअपच्या बैठका. पाय घसरला तर त्याला ‘स्लिप’ म्हणतात आणि माणसाला परत येऊ देतात. वर सांगितलेले बरेचसे संशोधन तेव्हा झालेलेही नव्हते. माणसांना जवळून पाहून ही मंडळी तिथे पोहोचली होती.

सगळ्यांना निवासी केंद्र परवडत नाही आणि सगळ्यांना त्याची गरजही नसते. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला गोव्यातला प्रयोग म्हणूनच मोलाचा आहे. ‘संगाथ’ संस्थेचे अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांची निवड केली. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याबरोबर जास्तीत जास्त चार बैठकांचे समुपदेशन. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. बैठकांत पिण्याचा खरा हिशेब समोर ठेवला जाई आणि मग कौशल्यांवर काम होई: मित्राचा आग्रह कसा मोडायचा, डोक्यात प्रश्न घोळत असताना तो कसा सोडवायला घ्यायचा, मन उसळले की काय करायचे, पुन्हा प्यायलो तर सावरायचे कसे. तीन महिन्यांनी मागच्या पंधरवड्यात एकदाही न प्यायलेल्यांचे प्रमाण समुपदेशन घेतलेल्यांत ४२ टक्के होते, इतरांत १८. जे पीतच राहिले त्यांचे प्रमाण मात्र घटले नाही. अपुरे यश आहे, पण ते गावच्या दवाखान्यात, गावच्या माणसांनी, चार भेटींत मिळवलेले आहे.

देशापुढचा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहावा. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्यांची संख्या सुमारे २ कोटी ९० लाख. त्यांतल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठले ना कुठले उपचार मिळाले होते. उरलेल्या ३७ जणांच्या वाट्याला बहुधा शपथा, देवाच्या माळा आणि घरातली भांडणे आली असणार. माळ घालून कित्येकांची दारू सुटते, कारण माळेबरोबर वारी, सोबत आणि नवी ओळखही येते. ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू बंद केली, तर फिट येणे, भ्रम होणे आणि क्वचित मृत्यू, इथवर मजल जाऊ शकते. अशा माणसाला घरात कोंडून ठेवू नये; आधी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची विनामूल्य हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ १४४१६ वर. व्यसनी माणूस अजून तयार नसेल, तर हा फोन घरच्यांनीही करता येतो.